पानोनियाचा खलाशी : ज्योर्जे बालाशेविच (१९५३–२०२१)

शेवंतीची वेणी (धागाकर्ती)

१९ फेब्रुवारी २०२१, शुक्रवारची संध्याकाळ. व्हिएन्नात टाळेबंदी होती, सगळे घरूनच काम करत होतो. माझ्या टीममधल्या मैत्रिणीचा फोन आला. ती सर्बियातल्या नोवी सादची, आठ वर्षांच्या ओळखीत मी तिला रडताना कधी ऐकलं नव्हतं. तिला एवढंच बोलता आलं, "आमचा ज्योले गेला." घरातलंच कुणी असणार असं वाटून मी काय झालं विचारलं. कोविडनंतरचा न्यूमोनिया. पुढे समजलं की हा ज्योले म्हणजे गायक-गीतकार ज्योर्जे बालाशेविच, आणि तिची त्याच्याशी आयुष्यात एकदाही गाठ पडलेली नव्हती.

रात्री तिने व्हिडिओ पाठवले. नोवी सादच्या चौकात हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन उभी होती आणि कुणीही न सांगता एकामागून एक गाणी म्हणत होती. त्यानंतर झाग्रेबचे व्हिडिओ आले, मग सारायेवोचे. तिथेही तीच गाणी. सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया. १९९०च्या दशकात या भूमीवर माणसांनी एकमेकांची गावं जाळली. असं असताना सर्बियातला एक गायक गेला म्हणून झाग्रेब आणि सारायेवोतली माणसं रस्त्यावर का येतात, हे मला समजेना. तेव्हापासून मैत्रिणीला हाताशी धरून मी त्याची गाणी ऐकते आहे, एकेक शब्द विचारत विचारत. मराठीत त्याच्याबद्दल काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

ज्योर्जेचा जन्म ११ मे १९५३चा, नोवी सादचा. वडील सर्ब, आईच्या घराण्यात क्रोएट आणि हंगेरियन. नोवी साद डॅन्यूबच्या काठी आहे, व्हॉयव्होदिना प्रांताची राजधानी. या प्रांतात आजही सहा भाषा सरकारी कामकाजाच्या आहेत : सर्बियन, हंगेरियन, स्लोवाक, रोमानियन, क्रोएशियन आणि रुसिन. सपाट काळी जमीन, मका, सूर्यफूल, गावात शिरताना दुतर्फा तुतीची झाडं. लाखो वर्षांपूर्वी इथे पानोनियन समुद्र होता, तो आटून हे मैदान उरलं. पुढे त्याने 'पानोन्स्की मोर्नार' म्हणजे 'पानोनियाचा खलाशी' नावाचं गाणं लिहिलं. समुद्र आटून गेलेल्या जागी जन्मलेला खलाशी. हेच त्याचं टोपणनाव झालं, आणि तो गेल्यावर बातम्यांतही तेच छापून आलं.

शाळेशी त्याचं जमलं नाही. गणित, पदार्थविज्ञान, रसायन यांनी जेरीला आणलं, तेव्हा माध्यमिक शाळा सोडून बाहेरून परीक्षा दिल्या. भूगोलाच्या पदवीला नाव घातलं, ती अर्धीच राहिली. कविता मात्र लहानपणापासून चालू होत्या. १९७७ साली 'झेत्वा' (सुगी) नावाच्या बँडसाठी त्याने एक टँगो लिहिला, 'उ राझदेल्याक ते ल्युबीम'. अर्थ : तुझ्या भांगावर ओठ टेकतो. मराठीत 'भांग' हा शब्द किती अलगद बसतो पाहा. त्या एका रेकॉर्डच्या १ लाख ८० हजार प्रती खपल्या.

पुढच्या वर्षी त्याने स्वतःचा गट काढला, 'रानी म्राझ'. पीक उभं असताना वेळेआधीच पडलेलं हीव, असा त्याचा अर्थ. सोबत वेरित्सा तोदोरोविच, बिल्याना कर्स्टिच आणि बोरा ज्योर्जेविच. बोरा लवकरच बाहेर पडला आणि 'रिब्ल्या चोर्बा' हा मोठा रॉक बँड त्याने उभा केला. बिल्याना पुढे लोकसंगीताकडे वळली. ओपातियाच्या महोत्सवात गायलेलं 'मोया प्र्वा ल्युबाव' (माझं पहिलं प्रेम) हे गाणं लोकांना आवडलं आणि रानी म्राझ घरोघरी पोचला.

आता ज्या गाण्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याच्याकडे येते. तेही १९७८चंच, 'राचुनायते ना नास'. 'आमच्यावर भिस्त ठेवा.' सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया हे सगळे तेव्हा युगोस्लाव्हिया या एकाच देशात होते, आणि त्याचे सर्वेसर्वा टिटो तेव्हा ८६ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढलेली पिढी म्हातारी होत चालली होती आणि नवीन पोरांना जीन्स आणि रॉकपलीकडे काही दिसत नाही अशी तिची कुरकुर होती. त्या म्हाताऱ्यांना हे उत्तर होतं. पन्नासच्या दशकात जन्मलेल्या सगळ्यांच्या वतीने पंचवीस वर्षांचा एक मुलगा शब्द देतो की आमच्या अंगात लढवय्यांचंच रक्त आहे, काळजी करू नका. ते गाणं देशभरच्या तरुणांचं जणू राष्ट्रगीत झालं. मैत्रिणीच्या आईने ते शाळेच्या गॅदरिंगमध्ये लाल रुमाल बांधून गायलं होतं.

टिटो ४ मे १९८०ला गेले. त्यानंतर अकरा वर्षांनी, ज्यांच्या वतीने शब्द दिला होता त्याच पिढीने एकमेकांवर तोफा डागल्या.

बालाशेविचच्या उरलेल्या कारकिर्दीकडे मी या एका शब्दाच्या बाजूने पाहते. पुढे मैफलींत ते गाणं त्याने जवळजवळ सोडूनच दिलं. लोक फर्माईश करायचे, तो गायचा नाही. पण नुसता गप्प बसला असंही नाही. युद्धाचा वास यायला लागला होता त्या दिवसांत, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याने 'सामो दा राता ने बुदे' लिहिलं : काही होवो, फक्त युद्ध नको. त्यात मुलांचा कोरस आहे. १९९३ साली युद्ध ऐन भरात असताना 'येदान ओद ओनिह झिवोता' हा अल्बम आला. त्यातलं एक गाणं आहे 'क्रिवी स्मो मी', दोष आपलाच. त्याच अल्बममधलं 'चोवेक सा मेसेत्सोम उ ओचिमा', डोळ्यांत चंद्र असलेला माणूस, यावर व्हुकोवारच्या लढाईची सावली आहे. डॅन्यूबकाठचं हे क्रोएशियन शहर १९९१ साली ८७ दिवसांच्या वेढ्यानंतर पडलं. नदी तीच, नोवी सादहून वरच्या अंगाला.

मग १९९९. नाटोच्या बॉम्बहल्ल्यात नोवी सादचे डॅन्यूबवरचे तिन्ही पूल एका एप्रिल महिन्यात पडले. १ तारखेला वरादिन पूल, ३ला स्वातंत्र्य पूल, २६ला झेझेल्य पूल. मैत्रीण तेव्हा नऊ वर्षांची. तिची शाळा नदीपलीकडे होती. त्या रात्रींवर त्याचं एक गाणं आहे, नोवी सादवरचं आकाश जळत असतानाचं. ते ऐकायची वेळ आली की ती खोलीबाहेर जाते, म्हणून त्याचा नीट अर्थ मी आजवर तिला विचारलेला नाही.

२००० साली 'देवेदेसेते' म्हणजे 'नव्वदचं दशक' हा अल्बम आला. यात सर्बियाचा सत्ताधीश मिलोशेविच याच्या राजवटीवर त्याने सरळ वार केले, आडपडदा ठेवला नाही. 'झिवेती स्लोबोदनो' (मोकळं जगणं) हे त्यातलं गाणं रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडी होतं. ५ ऑक्टोबर २०००ला ती राजवट कोसळली.

हे सगळं वाचून तो राजकीय गायक होता असं वाटेल, तर तसं अजिबात नाही. त्याची बहुतेक गाणी पोरींवर, प्रेमांवर, दारूवर, हरलेल्या जुगाऱ्यांवर, गावच्या धर्मगुरूच्या देखण्या लेकीवर आहेत. बायकोवर तर तिच्या नावाचंच गाणं आहे, 'ओलिवेरा'. आणि मैफली! बेलग्रेडच्या सावा सेंटरमध्ये तीन-तीन, चार-चार तास चालायच्या, आणि त्यात तो गायचा तेवढाच बोलायचा. एक गोष्ट काढायची, तिला फाटे फोडायचे, लोक हसून बेजार झाले की हळूच पियानोचा सूर द्यायचा आणि ती गोष्ट गाण्यात नेऊन सोडायची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या गावच्या देवळातलं कीर्तन आठवलं. बुवांनी आख्यान लावावं, रंगवावं आणि नेमक्या जागी अभंगाला हात घालावा, तसंच.

लिहायचं बरंच आहे. प्रतिसादांत भर घालत जाईन.

---

मचवा

धागा आवडला. मी बोटीवर होतो, आता रत्नागिरीला घरी असतो. १९८६ साली आमचं जहाज दुरुस्तीसाठी रियेकाच्या गोदीत तीन आठवडे होतं. तेव्हा सगळा युगोस्लाव्हियाच. संध्याकाळी गोदीतले कामगार आम्हाला 'काफाना'त घेऊन जायचे. काफाना म्हणजे खानावळ, गुत्ता आणि गावचा पार हे तिन्ही एकाच छपराखाली. भारतीय म्हटलं की "नेहरू, टिटो!" म्हणत ग्लास पुढे करायचे. पैसे घ्यायचे नाहीत.

तिथे एक कॅसेट सारखी वाजायची. एक माणूस नुसती खाण्याच्या पदार्थांची यादी म्हणतो आहे असं वाटायचं, आणि अख्खं काफाना त्याच्याबरोबर म्हणायचं आणि हसायचं. आमच्याबरोबरच्या फोरमनने मोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं की हा आमच्या मैदानातला माणूस आहे. तो फोरमनही तिकडचाच, समुद्रापासून लांबचा. हा तोच गायक असेल का?

---

शेवंतीची वेणी

मचवा काका, अंगावर काटा आला. बहुतेक तोच! १९८५च्या '००३' या अल्बममधलं 'आल से नेकाद दोब्रो येलो' असणार. अर्थ : पूर्वी काय मस्त जेवायचे हो! व्हॉयव्होदिनातल्या जुन्या जेवणावळींचं वर्णन आहे. तुम्ही ऐकून सांगाल का?

---

तिसरी घंटा

सर्बियन गायक म्हटल्यावर मला वाटलं धागा झेल्यको योक्सिमोविचवर आहे. युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेमुळे तोच माहीत होता. २००४ साली इस्तंबूलला 'लाने मोये' गाऊन दुसरा आला होता. युक्रेनची रुस्लाना पहिली. ती सुरुवातीची बासरी आणि व्हायोलिन मी अजून ऐकतो. बालाशेविच हे नाव आज पहिल्यांदा ऐकतोय. एवढा मोठा असून बाहेर कसा माहीत नाही?

---

शेवंतीची वेणी

योक्सिमोविच मलाही आवडतो. १९७२चा जन्म, म्हणजे बालाशेविचच्या पुढची पिढी. त्याची ताकद चालीत आणि वाद्यमेळात आहे, म्हणून भाषा न कळताही तो पोचतो. २०१२ साली बाकूला पुन्हा गेला आणि तिसरा आला. माझ्या दृष्टीने त्याचं सगळ्यात मोठं काम २००६चं. तेव्हा बोस्नियाच्या हारी माता हारी या बँडला त्याने 'लेयला'ची चाल करून दिली आणि बोस्निया तिसरा आला. सारायेवोचा वेढा उठून जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि बेलग्रेडचा संगीतकार बोस्नियासाठी गाणं करत होता.

बालाशेविच बाहेर पोचला नाही, कारण त्याचं सगळं शब्दांत आहे. चाली साध्या, आवाज आपल्या काकाने गप्पा माराव्यात तसा. शब्द काढून घेतले तर फार थोडं उरतं. आपल्याकडच्या चांगल्या भावगीताचं परक्या माणसासमोर जे होतं तेच.

---

करवंदाची जाळी

भाषेवरून आठवलं. मी हौशी अभ्यासक आहे, दोन गोष्टी सांगतो. वर 'मेसेत्स' हा शब्द आला आहे. सर्बियनमध्ये मेसेत्स म्हणजे चंद्रही आणि महिनाही. आपला 'मास' त्याच मुळातला. 'झिवेती' म्हणजे जगणं, आपला 'जीव' तोच. हे झालं जुनं नातं.

दुसरं नातं तुर्की-फारसीकडून आलेलं. त्यांचा 'दुश्मानिन' म्हणजे दुश्मन, 'शेचेर' म्हणजे साखर, 'बाश्टा' म्हणजे बगीचा. बालाशेविचच्या प्रांतात गप्पा मारणे याला 'दिवानिती' म्हणतात, तो शब्द 'दिवाण'वरून आलेला. आपला दिवाणखाना आठवा. आणि त्या मैदानाचं खास वाद्य आहे तांबुरित्सा. नाव तंबोऱ्याचं भावंड, पण ती सुरासाठी नुसती छेडत नाहीत, तिच्यावर भरभर गती वाजवतात. पाच-सहा जण एकत्र बसले की रात्र सरते.

---

शेवंतीची वेणी

करवंद, तुमचे आभार! 'दिवानिती'वरून त्याचं गाणंच आहे, 'स्लाबो दिवानीम माद्यार्स्की'. मला हंगेरियन फारसं बोलता येत नाही, असं. ज्याच्या आईकडे हंगेरियन होती त्याने असं शीर्षक द्यावं, आणि तेही १९९३ साली, जेव्हा कोण कुठल्या रक्ताचा यावर माणसं मारली जात होती.

शब्दांवरून अजून एक. त्याचं 'स्विरायते मी येसेन स्तिझे, दुन्यो मोया' असं गाणं आहे. मी 'दुन्यो' म्हणजे दुनिया समजून बसले होते. मैत्रीण म्हणाली, छे, दुन्या हे फळ आहे. ओबडधोबड पेरूसारखं, पिवळं, कच्चं खाल्लं तर तोंड तुरट होतं. शरद ऋतूत ते कपाटावर ओळीने मांडून ठेवतात, खोलीभर वास दरवळतो. लाडक्या माणसाला 'माझी दुन्या' म्हणतात. पुढच्या आठवड्यात इथल्या, व्हिएन्नातल्या ओट्टाक्रिंगच्या बाजारात तिने मला एक घेऊन दिली. महिनाभर माझ्या पुस्तकांच्या कपाटावर होती. ते गाणं मला त्या वासाने समजलं.

---

आडवाटेचा

थोडा विरोधी सूर लावतो. टिटोच्या राज्यात टिटोच्या कौतुकाची गाणी लिहिली, त्यावर नाव कमावलं. देश बुडाल्यावर शांततेचा पुरस्कर्ता. मिलोशेविच पडायला आला तेव्हा मिलोशेविचविरोधी. वारा पाहून शीड फिरवणं यालाच म्हणतात ना? तुम्ही त्याला फार उंचावर बसवताय.

---

शेवंतीची वेणी

आडवाटेचा, प्रश्न रास्त आहे, मलाही सुरुवातीला पडला होता. टिटोवर गाणी लिहिली हे खरंच आहे. १९८८च्या 'पांता रेई' अल्बमात टिटोंना उद्देशून शोकगीतही आहे. पण तारखा पाहा. टिटो जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि देशात जो तो आपापल्या राष्ट्राचा झेंडा शोधत होता. वारा पाहणाऱ्याने टिटोला तेव्हा कधीच सोडलं असतं.

'क्रिवी स्मो मी' १९९३चं. तेव्हा मिलोशेविच पडायला आला नव्हता, पुरता मजबूत होता. आणि शीर्षकातला 'मी' हा सर्बियन शब्द आहे, त्याचा अर्थ 'आम्ही' किंवा 'आपण'. दोष त्यांचा नाही, आपला. १९७८ साली ज्या 'आम्ही'च्या नावाने त्याने शब्द दिला, १९९३ साली त्याच 'आम्ही'च्या नावावर त्याने दोष मांडून घेतला, स्वतःला धरून. युद्धात हे म्हणणारे सगळ्याच बाजूंना फार थोडे होते.

---

निळावंती

मला आडवाटेचा यांचं निम्मं पटतं. चूक कबूल केली म्हणून गाणं का टाकून द्यायचं? ज्यांनी ते लहानपणी मनापासून गायलं त्यांचंही ते आहे ना? माझी आजी सेवादलाची गाणी शेवटपर्यंत गायची. ती ज्या देशाबद्दल होती तसा देश झाला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी गायची. गाणं सोडून देणं म्हणजे त्या मुलांचंही काहीतरी काढून घेणं झालं.

---

शेवंतीची वेणी

निळावंती, तुमचा प्रतिसाद मैत्रिणीला भाषांतर करून वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या आईचंही हेच भांडण होतं ज्योलेशी. ती स्वयंपाक करताना ते गाते. आजही." पण तिचं स्वतःचं मत वेगळं आहे. ती म्हणते, आईने गावं, आईला तो हक्क आहे, तिने फक्त विश्वास ठेवला होता. ज्याने शब्द दिला त्याने ते स्टेजवर टाळ्यांसाठी गाऊ नये.

मला अजून ठरवता आलेलं नाही.

---

तिसरी घंटा

सारायेवोबद्दल लिहा ना. तिथले लोक त्याच्यासाठी का रडले, हा तुमचा पहिलाच प्रश्न होता.

---

शेवंतीची वेणी

हो, तेच राहिलं. सारायेवोचा वेढा १९९२च्या एप्रिलपासून १९९६च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. सभोवारच्या डोंगरांवरून शहरावर तोफा आणि नेमबाजांच्या गोळ्या. जवळजवळ चार वर्षं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९८च्या फेब्रुवारीत, बालाशेविच तिथे गेला आणि गायला. युद्धानंतर सर्बियातून येऊन तिथे गाणारा तो पहिला मोठा गायक. त्याला बोलावण्यावरून दोन्हीकडे वाद झाले, आणि ते साहजिक होतं. ज्यांच्या घरातली माणसं गेली होती त्यांना सर्बियाहून आलेला कुणी का चालावा?

मैत्रिणीचे एक सहकारी सारायेवोचे आहेत, त्या मैफलीला ते होते. सभागृहात शिरताना आपण योग्य करतोय का याची त्यांना खात्री नव्हती. तो आला, गाऊ लागला आणि सगळं सभागृह त्याच्याआधी शब्द म्हणत होतं. वेढ्यात वीज नसताना तळघरांत बसून लोकांनी हीच गाणी म्हटली होती. ते म्हणाले, "गाणी आमचीच होती. तो ती मागायला आला नाही, आमच्यात बसून म्हणायला आला."

---

करवंदाची जाळी

सुरुवात कुठून करावी?

---

शेवंतीची वेणी

मी 'प्रिचा ओ वासी लादाच्कोम'पासून करेन. वासा लादाच्कीची गोष्ट, १९८०चं. गरीब घरातला वासा, त्याचं एका मुलीवर प्रेम, पण जमीन आणि घोडे यांच्या ओढीने तो पैसेवाल्याच्या घरात लग्न करतो आणि सगळं मिळूनही आतून संपतो. पाच मिनिटांत अख्खी कादंबरी. याच गोष्टीवर त्याने २०१० साली 'काओ रानी म्राझ' हा सिनेमा स्वतः दिग्दर्शित केला. नंतर 'रिंगिश्पिल', १९९१चं. जत्रेतल्या फिरत्या पाळण्याचं नाव. मग 'पानोन्स्की मोर्नार'. शब्दांचा अर्थ समोर ठेवूनच ऐका, घाई करू नका.

---

मचवा

काल रात्री नातवाने शोधून लावून दिलं. तेच गाणं. पहिल्या दहा सेकंदांत ओळखलं. चाळीस वर्षं होत आली.

तुमच्या धाग्यामुळे अर्थ कळला, म्हणून आता एक आठवलं जे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. सगळे हसत होते तेव्हा फोरमन हसत नव्हता. तो शब्द न शब्द म्हणत होता, पण डोळे मिटून. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "माय मदर, सेम सूप." नंतर त्याने मला त्याचा पत्ता लिहून दिला होता, गाव डॅन्यूबच्या काठचं. मी मुंबईहून दोन नाताळांना कार्ड पाठवलं, त्याचंही आलं. १९९१च्या नाताळचं माझं कार्ड परत आलं, पाकिटावर शिक्का मारलेला. ते मी ठेवलं आहे. उद्या ट्रंक काढतो आणि गावाचं नाव काय होतं ते पाहून इथे लिहितो. तुमच्या मैत्रिणीला वाचता येईल.